हाक एकाला, हाक साऱ्यांना



संध्याकाळी सहाच्या सुमारास कल्याण स्टेशनच्या पुलावर उभे राहा आणि "ओ पाटील!" अशी एक खणखणीत हाक मारून पाहा. मुरबाडचे पाटील, भिवंडीचे पाटील, डोंबिवलीचे पाटील असे किती तरी जण चालता चालता थांबतील आणि मागे वळून पाहतील. ज्याला बोलवायचे होते तो पाटील मात्र कदाचित पुढच्या गाडीत चढूनही गेलेला असेल. आता त्याच पुलावर ध्वनिक्षेपकातून आवाज येतो, "प्रवाशांनी कृपया लोहमार्ग ओलांडू नये." यात कोणाचेच नाव नाही, तरी ही हाक ज्यांना पोहोचायची त्या सगळ्यांना बरोबर पोहोचते.

म्हणजे हाका दोन प्रकारच्या असतात. एक हाक एकालाच द्यायची, दुसरी एका जातकुळीच्या साऱ्यांना द्यायची. आपण पहिल्या हाकेच्या जागी दुसरी हाक मारली, की घोटाळा होतो. आजच्या भाषणाचा विषय या दोन हाका हाच आहे. मात्र त्या मला तुम्हांला एका नव्या ठिकाणी दाखवायच्या आहेत. ज्या पानावर आपण मोबाईलवर मुलाचा निकाल पाहतो, सातबारा काढतो, फॉर्म भरतो, त्या वेबपानाच्या लेखनात या दोन हाकांना 'आयडी' आणि 'क्लास' अशी नावे आहेत. आयडी म्हणजे एकट्याची ओळख आणि क्लास म्हणजे वर्ग.

मी इतिहासाचा शिक्षक. संगणक हा माझा प्रांत नव्हे. पण महाविद्यालयात एकदा एका फॉर्मचे काम अंगावर आले, त्यात माझ्या हातून एक चूक घडली, आणि त्या चुकीने मला पुन्हा इतिहासाकडेच नेऊन सोडले. ती चूक काय होती हे शेवटी सांगतो. आधी आपल्या ठाणे जिल्ह्याचीच गोष्ट ऐका.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनला बोरीबंदराहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली, हे आपण शाळेत शिकवतोच. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि गाडी ओढायला तीन इंजिने. त्या इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. दुसऱ्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आता पाहा, इंजिने तीन असली की नावांनी भागते. गोठ्यात दोन बैल असले तर ढवळ्या आणि पवळ्या पुरेत. पण इंजिने शेकड्यांनी झाली, तेव्हा एवढी नावे आणायची कोठून? आणि एकच नाव दोघांना पडले तर दुरुस्तीच्या वहीत नोंद कोणाची करायची? म्हणून प्रत्येक इंजिनाला आपला क्रमांक मिळाला.

पण नुसत्या क्रमांकाने तरी काम कोठे भागते? क्रमांकावरून इंजिन कोणते हे कळते. ते मालगाडी ओढील की प्रवासी गाडी, त्याला डिझेल लागते की वीज, हे कळत नाही. त्यासाठी इंजिनांचे वर्ग ठरले आणि वर्गाला अक्षरे मिळाली. आपल्या रेल्वेत डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, सी म्हणजे एकदिश वीज, ए म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज; पुढे जी म्हणजे मालगाडी, पी म्हणजे प्रवासी गाडी आणि एम म्हणजे दोन्ही कामे. कल्याणच्या शेडमध्ये 'डब्ल्यूसीएएम-३' या वर्गाची इंजिने होती. अक्षरे सुटी करून वाचा: ब्रॉडगेज, दोन्ही तऱ्हांची वीज, दोन्ही तऱ्हांची कामे. एका इंजिनाच्या अंगावर किती गुण एकत्र आले! आणि तरी त्याचा क्रमांक त्याचा एकट्याचाच.

आता डब्यांकडे या. डब्यांतही पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग होते. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे हाल गांधीजींनी स्वतः सोसले आणि १९१७ साली त्यांवर लिहिले. पुढे १९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग मोडला. त्याला दुसरा वर्ग म्हणायचे ठरले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. देशभर हजारो डबे होते, पण 'अमुक क्रमांकाच्या डब्याचा वर्ग आता दुसरा, तमुक क्रमांकाच्या डब्याचा वर्ग आता दुसरा' असे हजारो हुकूम काढावे लागले नाहीत. वर्गाविषयी नियम केला, आणि त्या वर्गात जे जे होते त्या सगळ्यांना तो लागू झाला. वर्गाचे सामर्थ्य ते हे. एका नियमात अनेकांचे काम होते.

वर्गाचा धोकाही त्याच गोष्टीत आहे. डबा गेला, पण शब्द राहिला. आजही कोणी वाईट चहा दिला तर आपण म्हणतो, "अगदी थर्डक्लास!" ज्या मुलाने तिसऱ्या वर्गाचा डबा उभ्या आयुष्यात पाहिला नाही, तोही म्हणतो. वर्गाला कामावरून नाव न देता दर्जावरून दिले, की ते नाव असे चिकटून बसते.

हे झाले रेल्वेचे. पण आपल्यांपैकी पुष्कळांचा याहून जवळचा संबंध जमिनीशी आहे. तुमच्या घरातला सातबारा काढून समोर धरा. त्यावर गट क्रमांक किंवा सर्व्हे नंबर असतो आणि त्यापाशीच 'भोगवटादार वर्ग १' किंवा 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते. म्हणजे एकट्याची ओळख आणि वर्ग एकाच कागदावर!

हे आले कोठून? इंग्रजी अंमलाच्या आरंभी प्रिंगल यांनी पुणे भागात जमिनीची मोजणी केली, ती फसली. त्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात त्या कामाचे नियम पक्के झाले. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. प्रत्येक शेताला हद्द आणि नंबर दिला, ही झाली मोजणी. मग शेतातली माती पाहिली, तिची खोली आणि दोष पाहिले आणि नऊ प्रतींपैकी एक प्रत ठरवून आण्यांत तिचा भाव लावला, ही झाली प्रतबंदी. भूमि-अभिलेखाच्या कचेरीत आजही 'टिपण', 'फाळणी', 'प्रतबंदी' हे शब्द ऐकू येतात, ते त्या काळापासूनचे. आपल्याकडे त्यात भाताची खाचरे वेगळी आणि नाचणी-वरीची, गवताची वरकस जमीन वेगळी. नंबर प्रत्येक शेताचा स्वतंत्र. पण एका प्रतीची शेते गावात कितीही असू शकत.

पुढे १९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आले आणि अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट क्रमांक आले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने भोगवटादारांचे वर्ग सांगितले. वर्ग एकची जमीन सामान्यतः मालकाला विकता येते. वर्ग दोनची विकायची तर आधी सरकारी परवानगी लागते. तेव्हा नंबरात चूक झाली तर तुमचे शेत दुसऱ्याच्या नावावर दिसेल, आणि वर्गात चूक झाली तर तुमचे शेत तुमच्याच नावावर राहूनही व्यवहार अडेल. दोन्ही चुका वाईट, पण त्या चुका वेगळ्या आहेत, हे ज्याने कचेरीत खेटे घातले त्याला सांगायला नको.

आणखी एक बारकावा. सर्व्हे नंबर ४५ शहापूर तालुक्यातल्या एका गावात असतो, तसा मुरबाड तालुक्यातल्या दुसऱ्या गावातही असतो. त्याने घोटाळा होत नाही, कारण नंबर एकमेव असायचा तो त्या गावापुरता. गाव, तालुका, जिल्हा सांगितला की शेत नक्की होते. पण एकाच गावात दोन ४५ मात्र चालायचे नाहीत. भावाभावांत वाटणी झाली तर ४५/१ आणि ४५/२ असे पोटहिस्से पाडावे लागतात.

श्रोतेहो, एवढे समजले असेल तर वेबपानाचे निम्मे अधिक समजले. आता तेथे जाऊ.

कागदावरच्या लेखनात यंत्राला कळतील अशा खुणा घालायच्या ही कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. 'एसजीएमएल' नावाची अशा खुणांची पद्धत १९८६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्यातच आयडीचा नियम होता: एका दस्तऐवजात एक आयडी एकदाच. म्हणजे आयडी हे वडीलधारे. पुढे जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची योजना मांडली, आणि १९९१ पासून ती जगासाठी खुली झाली. त्यांनी पान लिहिण्यासाठी जी खुणांची भाषा केली तिला 'एचटीएमएल' म्हणतात. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी असे ती भाषा सांगते. अशा प्रत्येक भागाला आपण घटक म्हणू.

आरंभीची पाने साधी होती. मग लोकांना रंग हवा, मोठी अक्षरे हवीत, चौकटी हव्यात. शंभर मथळे तांबडे करायचे तर शंभर ठिकाणी 'तांबडा' असे लिहावे लागे, आणि उद्या हिरवे करायचे तर पुन्हा शंभर ठिकाणी खोडावे लागे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा पाने अशीच लिहिली जात. यावर तोड निघत होती. नॉर्वेचे होकून लिए यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी एक प्रस्ताव मांडला: पानाचा मजकूर वेगळा ठेवा आणि त्याच्या रूपाचे नियम वेगळे लिहा. हॉलंडचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी 'सीएसएस' या नावाने ते नियम प्रमाण झाले.

पण नियम वेगळा लिहिला तर तो कोणाला लागू, हे कसे सांगायचे? येथेच आपल्या दोन हाका आल्या. १९९५ च्या एचटीएमएलच्या एका मसुद्यात आयडी आणि क्लास या दोन चिठ्ठ्या घटकांना लावण्याची सोय मांडली गेली, आणि डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत ती जवळजवळ सर्व घटकांना मिळाली. नियम लिहिताना नावाआधी टिंब दिले की क्लासला हाक: 'या वर्गातले सारे.' नावाआधी # ही खूण दिली की आयडीला हाक: 'हा एकटाच.' या खुणेला हॅश म्हणतात.

आता नियम थोडक्यात सांगतो. शिक्षक मंडळींनी हवे तर टिपून घ्यावेत.

पहिला नियम: एका पानात एक आयडी एकाच घटकाला. दुसऱ्या पानात तोच आयडी चालेल, जसा दुसऱ्या गावात ४५ नंबर चालतो.

दुसरा: एक क्लास कितीही घटकांना देता येतो, आणि एका घटकाला कितीही क्लास देता येतात, मध्ये फक्त मोकळी जागा सोडायची. म्हणूनच आयडीच्या नावात मोकळी जागा चालत नाही. आपली डब्ल्यूसीएएम-३ आठवा.

तिसरा: एकाच घटकाविषयी आयडीचा नियम एक सांगतो आणि क्लासचा दुसरा, तर आयडीचा चालतो. "सगळे खाली बसा," असे आपण वर्गाला म्हणतो आणि लगेच म्हणतो, "गणू, तू उभा राहा." गणू उभा राहतो. तसेच हे. पण जो मास्तर प्रत्येक गोष्ट एकेकाला नावाने सांगत बसेल त्याची तासिका संपून जाईल. म्हणून रूपाचे नियम शक्यतो क्लासला लावतात आणि आयडी जेथे खरोखर एकटाच हवा तेथे राखून ठेवतात.

असा एकटा कोठे हवा असतो? लांबलचक पानातल्या नेमक्या ठिकाणी वाचकाला नेऊन सोडायचे असेल तर पत्त्याच्या शेवटी # लावून आयडी लिहितात. पानातली एखादी वस्तू हलवायची, बदलायची असेल तर संगणक तिला आयडीने हाक मारतो; ही सोय १९९८ सालीच प्रमाण झाली. आणि फॉर्ममध्ये चौकोनाशेजारी जे शब्द असतात, ते शब्द कोणत्या चौकोनाचे हे आयडीवरून ठरते.

चौथी गोष्ट नियमापेक्षा शहाणपणाची. क्लासला नाव देताना रूपावरून देऊ नये, कामावरून द्यावे. 'तांबडा' असे नाव ठेवू नये. 'इशारा' असे ठेवावे. उद्या इशारा पिवळा करायचा ठरला तर 'तांबडा' नावाचा वर्ग पिवळा दिसेल आणि पुढचा माणूस डोक्याला हात लावील. थर्डक्लास हा शब्द कसा मागे उरला ते आपण पाहिलेच.

आता माझी चूक सांगतो.

प्रथम वर्षाच्या मुलांसाठी मी एक फॉर्म केला होता. त्यात 'वसतिगृह हवे' असे शब्द आणि त्यापुढे टिकेचा चौकोन होता. त्याखाली 'एसटीचा पास हवा' ही ओळ हवी होती. मी काय केले, तर वरची ओळ उचलून खाली ठेवली आणि शब्द तेवढे बदलले. आयडी बदलायचा राहिला. पानावर सगळे ठाकठीक दिसत होते. दोन ओळी, दोन चौकोन. मी निर्धास्त.

महिन्याभराने मुरबाडकडची एक मुलगी माझ्याकडे आली. "सर, माझं नाव होस्टेलच्या यादीत कसं? मला पास पाहिजे होता. घरी फोन गेला, तर आई म्हणते, आम्हाला न विचारता तू होस्टेल मागितलंस कसं?" मी तिलाच म्हणालो, "अगं, नीट बघून टिक करायची ना." ती काही बोलली नाही. तिच्या मागोमाग आणखी मुले आली, तेव्हा मी वरमलो.

दोष सापडला तो आमच्या एका दृष्टिहीन सहकाऱ्यांना. त्यांचा संगणक पान मोठ्याने वाचून दाखवतो. ते म्हणाले, "सर, तुमच्या पहिल्या चौकोनाला माझा संगणक दोन नावं वाचतो आणि दुसऱ्याला एकही नाही." तेव्हा उलगडा झाला. दोन्ही चौकोनांचा आयडी एकच होता. एकाच आयडीचे दोघे असले तर संगणक पहिल्याला धरतो. मुले मोबाईलवर बारीक चौकोनाला हात न लावता शेजारच्या शब्दांवर बोट ठेवत होती. 'एसटीचा पास हवा' या शब्दांवर बोट ठेवले की टिक लागे ती वरच्या, वसतिगृहाच्या चौकोनात! डोळ्यांनी पाहणाऱ्या आम्हां सर्वांना जे दिसले नाही, ते ज्यांना पान दिसत नाही त्यांनी ओळखले.

दुरुस्तीला दोन मिनिटे लागली. एक शब्द बदलायचा होता. पण त्या मुलीने महिनाभर मुरबाड-कल्याण पूर्ण तिकीट काढले होते आणि घरचे बोलणे खाल्ले होते. तिच्या आईला फोन करून चूक माझी होती असे मी सांगितले. त्या माउलीने विचारले, "म्हणजे दुसऱ्याच्या नंबरावर तिची नोंद झाली व्हय?" मी म्हणालो, "होय, अगदी तसंच." सातबाऱ्यावर आयुष्य काढलेल्या बाईला आयडी म्हणजे काय हे मला समजावून सांगावे लागले नाही.

म्हणूनच शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. शाळेत संगणक असो वा नसो, हा धडा फळ्यावर शिकवता येईल. मुलांना जनरल रजिस्टर दाखवा. दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांक त्या शाळेत एकाच मुलाचा. मूल शाळा सोडून गेले तरी तो दुसऱ्याला देत नाहीत. हा आयडी. इयत्ता पाचवी, लेझीम पथक, कबड्डीचा संघ हे क्लास. आणि एकच मुलगी तिन्हींत असू शकते. मग हाका द्या. "लेझीमवाले उभे राहा." "पाचवीची मुले हात वर करा." "रजिस्टर क्रमांक अमुक, पुढे ये." एकदा मुद्दाम दोन मुलांना एकच क्रमांकाची चिठ्ठी द्या आणि त्या क्रमांकाला हाक मारून पाहा. दोघे एकमेकांकडे पाहतील, वर्ग हसेल, आणि धडा कायमचा लक्षात राहील.

उद्या हीच मुले फॉर्म करतील, याद्या करतील, कोणाचा तरी सातबारा, कोणाची तरी शिष्यवृत्ती, कोणाचा तरी पास पानावर मांडतील. एक ओळ उचलून खाली ठेवताना त्यांना तो हसलेला वर्ग आठवला, आणि ओळीबरोबर आयडीही बदलायचा हे सुचले, तर मुरबाडच्या एखाद्या मुलीला पुढच्या महिन्याचा पास वेळेवर मिळेल.